सायकल कोणाच्या चादरींवर आली?

अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातली ही मुलगी. सकाळी आईबरोबर कापूस वेचायला जाते, दुपारनंतर पुस्तक उघडते आणि बाहेरून पदवीची परीक्षा देते. तिने 'चित्रपट अभ्यास' हा विषय घेतला आहे. परीक्षेला तीन आठवडे उरले असताना ती आमच्या केंद्रावर आली, पिशवीतून झेरॉक्सचा गठ्ठा काढला आणि म्हणाली, "ताई, एवढा निबंध बघून द्या ना. वीस मार्कांचा आहे. येणारच म्हणतात."

प्रश्न होता: जागतिक सिनेमाची वाटचाल सोदाहरण स्पष्ट करा.

उत्तर तिने पाठ केलेच होते. रशियाचा आयझेनस्टाइन, 'बॅटलशिप पोटेम्किन', १९२५. इटलीचा डी सिका, 'बायसिकल थीव्ह्‌ज', १९४८. जपानचा कुरोसावा, 'राशोमोन', १९५०. आपले सत्यजित राय, 'पथेर पांचाली', १९५५. फ्रान्सचा गोदार, 'ब्रेथलेस', १९६०. प्रत्येक नावापुढे दोन विशेषणे आणि एक 'वाद'. तिने सगळे घडाघडा म्हणून दाखवले. मी विचारले, "यातला कोणता पाहिलास?" ती ओशाळून हसली. "एकबी नाही, ताई."

हे मी तिची चूक म्हणून सांगत नाही. का नाही पाहिला, ते तिने सांगितले तेही ऐका. घरात मोबाईल एकच, तो भावाचा. रात्री मिळतो तेव्हा दिवसाचा नेट संपलेला असतो. मिळालाच, तर सिनेमा बघत बसलेली मुलगी घरात कोणाला अभ्यास करते आहे असे वाटत नाही. गावाहून अमळनेरला येऊन थिएटरात बसायचे, तर सोबत कोण, परतीची एस.टी. कधी, आणि मुलगी एकटी सिनेमाला गेली हे कोणी पाहिले तर काय? शिवाय हे सिनेमे थिएटरात लागतच नाहीत. पुण्याला १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झाले, पण अमळनेरहून पुणे हा रात्रभराचा प्रवास. थोडक्यात, ज्या विषयात पाहणे हाच अभ्यास, त्या विषयात या मुलीला पाहण्याचीच बंदी. कायद्याने नाही, तर घराच्या, गावाच्या आणि खिशाच्या रीतीने. आणि परीक्षेला त्याचे काही देणेघेणे नाही. न पाहता लिहिलेल्या उत्तराला वीसपैकी चौदा सहज मिळतात.

मी विद्यापीठाचे नाव लिहीत नाही. दोष एकट्या विद्यापीठाचा असता, तर एक निवेदन देऊन काम भागले असते.

आम्ही ठरवले, निदान एक सिनेमा तरी पाहायचा. एका शिक्षकमित्राकडून प्रोजेक्टर मागून आणला. केंद्रात त्या दिवशी बचत गटाची बैठक होती, म्हणून दहा-बारा बायाही थांबल्या. लावला 'बायसिकल थीव्ह्‌ज'. इंग्रजी अक्षरे खाली उमटत होती, ती वाचून ही मुलगी अहिराणीत सांगत होती. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात: महायुद्धानंतरचे रोम शहर. बेकार अंतोनियोला भिंतीवर पोस्टर चिकटवण्याचे काम मिळते, पण सायकल असेल तरच. सायकल गहाण पडलेली. ती सोडवून आणतो, पहिल्याच दिवशी चोरीला जाते. मग लहान मुलाला घेऊन तो दिवसभर शहरात ती शोधत फिरतो.

नोट्समध्ये लिहिले आहे: 'बेकारीचे वास्तववादी चित्रण, खऱ्या रस्त्यांवर चित्रीकरण, व्यावसायिक नटांऐवजी सामान्य माणसे.' सगळे खरे. पण सिनेमा संपल्यावर आमच्या एका मावशींनी पहिला प्रश्न केला तो असा: "त्या चादरींचं काय झालं?"

आठवा. सायकल सोडवायला पैसे नसतात तेव्हा अंतोनियो कपाळाला हात लावून बसतो. त्याची बायको मारिया पलंगावरच्या चादरी काढते, लग्नातल्या जपून ठेवलेल्या चादरीही काढते, धुते आणि गहाणवटीच्या दुकानात नेऊन टाकते. तिच्या चादरींवर सायकल येते. त्यानंतर सिनेमा बाप आणि मुलाचा होतो आणि मारिया हळूहळू गोष्टीतून नाहीशी होते. शेवटी रडणारा बाप आणि त्याचा हात धरणारा मुलगा आपल्या लक्षात राहतात. चादरी परत आल्या की नाही, कोणी विचारत नाही. मावशींनी विचारले, कारण पेरणीच्या वेळी त्यांची पोत अशीच गेली होती. बियाणे आले, पीक आले आणि गेले, कर्ज नवऱ्याच्या नावाने लिहिले गेले. पोत कोणाच्याच हिशेबात नव्हती. दुसरी बाई म्हणाली, "हाई ते आमनंच शे."

मैत्रिणींनो, याला मी चित्रपट अभ्यास म्हणते. सातवी शिकलेल्या बाईने एका बैठकीत जे पाहिले, ते झेरॉक्सच्या चाळीस पानांत कुठेही नाही. डी सिकाचे नाव सात वेळा आहे. पटकथा लिहिणाऱ्यांत सूझो चेक्की द'आमिको ही बाई होती, तिचे एकदाही नाही.

आणि ही चादर फक्त रोमची नाही. 'पथेर पांचाली' अडला तेव्हा बिजोया राय यांनी आपले दागिने गहाण ठेवायला दिले. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'मागे सरस्वतीबाई फाळके यांचे दागिने होते आणि नुसते दागिनेच नव्हते. फिल्मला भोके पाडण्यापासून रसायनांत ती धुण्यापर्यंतची कामे त्या शिकल्या. उन्हात पांढरे कापड धरून उभ्या राहिल्या. सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. आज असे काम करणाऱ्याला आपण तंत्रज्ञ म्हणतो, त्याचे नाव पडद्यावर येते. सरस्वतीबाईंना इतिहासाने 'खंबीर साथ देणारी पत्नी' म्हणून एका ओळीत उरकले. फाळके भारतीय सिनेमाचे जनक, हे पाठ. जनक असेल तर जननीही असेल, हा साधा प्रश्न परीक्षेत येत नाही.

आता 'राशोमोन'कडे या. जंगलात एका सामुराईचा मृत्यू झाला आहे आणि त्याच्या बायकोवर एका दरोडेखोराने बलात्कार केला आहे. चौघे चार प्रकारे हकीकत सांगतात. नोट्समधले सार एका वाक्याचे: 'सत्य सापेक्ष असते, हे कुरोसावाने प्रभावीपणे दाखवले.' मुलीने ते लाल शाईने अधोरेखित केले होते.

हे वाक्य वाचून मी गप्प बसू शकले नाही. कारण जी बाई पोलीस ठाण्याच्या बाकावर माझ्याशेजारी बसलेली असते, तिला हेच ऐकवले जाते. तुझे एक म्हणणे, त्याचे एक म्हणणे, खरे काय कोण सांगणार? गडचिरोलीकडच्या मथुरेला १९७२ साली पोलीस ठाण्यात जे भोगावे लागले, त्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली, अंगावर जखमा नाहीत म्हणजे तिची संमती असावी, असे धरून दोघा पोलिसांना सोडले. १९७९ साली चार कायदेशिक्षकांनी खुले पत्र लिहिले, १९८० साली देशभरच्या बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. आपल्यापैकी कितीतरी संघटना त्या लढ्यातून उभ्या राहिल्या. त्या महाराष्ट्रातली मुलगी 'सत्य सापेक्ष असते' हे पाठ करते आणि त्या बाईचे काय, हे तिला कोणी विचारत नाही.

कुरोसावाचा सिनेमा टाकाऊ आहे, असे मी म्हणत नाही. उलट तो नीट पाहिला तर आपल्या बाजूचे त्यात पुष्कळ आहे. बाईच्या हकीकतीत एक प्रसंग आहे: अत्याचारानंतर ती बांधलेल्या नवऱ्याकडे आधारासाठी पाहते आणि त्याच्या डोळ्यांत तिला फक्त तिरस्कार दिसतो. ती नजर आपण ओळखतो. घरी परतलेल्या मुलीकडे भाऊ कसा बघतो, ते आपण पाहिलेले आहे. सिनेमात आहे, नोट्समध्ये नाही. म्हणजे बाई पडद्यावरून कमी गाळली जाते, उत्तरपत्रिकेतून जास्त.

काही जण म्हणतील, अहो, जगात बायकांनी सिनेमे केलेच किती? यादीत कोणाला घालायचे? ऐका मग. फ्रान्सच्या आलिस गी हिने १८९६ साली, सिनेमा जन्मल्यावर वर्षाच्या आत, गोष्ट सांगणारी फिल्म केली. आन्येस वार्दाचा पहिला सिनेमा १९५५चा. फ्रान्सच्या 'नव्या लाटे'चे श्रेय ज्या गोदारला मिळते, त्याचा 'ब्रेथलेस' त्यानंतर पाच वर्षांनी आला. बेल्जियमच्या शांताल आकेरमानने १९७५ साली, वयाच्या पंचविशीत, 'जान दिलमान' केला. तीन तास एकवीस मिनिटांच्या या सिनेमात एक विधवा बटाटे सोलते, भांडी घासते, बिछाना आवरते, मुलाला जेवू घालते आणि दुपारी पोटासाठी घरी गिऱ्हाईक घेते. कॅमेरा हलत नाही, काम पूर्ण होईपर्यंत आपल्याला बघायला लावतो. घरकाम हे काम आहे, हे आपण शिबिरात तक्ते लावून सांगतो, ते आकेरमानने सोललेल्या बटाट्यांतून सांगितले. इंग्लंडचे 'साइट अँड साउंड' हे मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांचा कौल घेते. पहिल्या कौलात पहिला होता 'बायसिकल थीव्ह्‌ज'. २०२२ साली पहिला आला 'जान दिलमान'. बाईचा सिनेमा पहिल्या जागी यायला सत्तर वर्षे लागली. आमच्या झेरॉक्सपर्यंत तो यायला आणखी किती लागणार?

इराणच्या समीरा मखमलबाफने सतराव्या वर्षी केलेला 'द ॲपल' १९९८ साली कान महोत्सवात दाखवला गेला. घडलेली गोष्ट: तेहरानमध्ये एका बापाने दोन जुळ्या मुलींना अकरा वर्षे घरात कोंडून ठेवले. शेजाऱ्यांनी तक्रार केली तेव्हा कल्याण खात्याची बाई आली. ती समाजकार्यकर्ती मुलींना बाहेर पाठवते, बापालाच गजांआड कोंडते आणि गज कापायला करवत देते. पुरे आठवडाभर मी तो प्रसंग मनात घोळवत होते. आम्ही गृहभेटीला जातो, समुपदेशन करतो, नोंदवहीत सही घेतो. करवत कोणाच्या हातात द्यायची, हे मला एमएसडब्ल्यूच्या दोन वर्षांत कोणी शिकवले नाही.

आता जगातून आपल्या दाराशी येऊ. 'जागतिक' म्हणजे परदेशी, असा आपला समज करून दिलेला आहे. १९८१ साली 'युगांतर' या गटाने, ज्यात दीपा धनराज होत्या, पुण्याच्या मोलकरणींच्या संघटनेबरोबर 'मोलकरीण' हा माहितीपट केला. १९८२ साली निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या बायांबरोबर 'तंबाखू चाकिला ओब आली' केला. सीमाभागातल्या मराठी कामगार बाया, धुळीत बुडालेल्या, आपली संघटना कशी बांधली ते स्वतः सांगतात. हे माहितीपट आज बर्लिनच्या आर्सेनाल या संस्थेने दुरुस्त करून जपले आहेत आणि जगभर दाखवले जातात. निपाणीच्या बायांना बर्लिनमध्ये जागा आहे, अमळनेरच्या उत्तरपत्रिकेत नाही. पुण्याच्या सुमित्रा भावे टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकलेल्या आणि समाजकार्य शिकवणाऱ्या. वस्तीतल्या बायांवर संशोधन करताना त्यांना वाटले, अहवाल त्या बायांपर्यंत पोचत नाही, सिनेमा पोचेल. कॅमेऱ्याचा अनुभव नसताना त्यांनी १९८५ साली 'बाई' हा लघुपट केला. पुढे 'दोघी', 'देवराई', २०१६चा 'कासव' आणि त्याला सुवर्णकमळ. आपल्याच पेशातली बाई आहे ही, मैत्रिणींनो. आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे?

आणि स्मिता पाटील. तिचे वडील शिरपूरचे, म्हणजे आपल्या खानदेशातले. १९८२च्या 'उंबरठा'मध्ये ती सुलभा महाजन होते, नवरा आणि मुलगी मागे ठेवून महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून काम घेणारी. एमएसडब्ल्यूला असताना आम्हाला वर्गात तो दाखवला. नंतर चर्चा झाली ती एकाच प्रश्नावर: सुलभाने मुलीला सोडून जायला हवे होते का? आश्रमातल्या मुली, त्यांना वापरणारी बाहेरची माणसे, डोळेझाक करणारी व्यवस्थापन समिती, यावर कोणी बोलले नाही. सुलभा चांगली आई होती की नाही, एवढेच ठरवायचे होते. मीही त्या दिवशी तेच बोलले, हे कबूल करते.

यात आश्चर्य नाही. आपल्याकडे बाईला पडद्यावर एकच मोठी जागा आहे, आईची. सानेगुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते, त्यामुळे 'श्यामची आई'चा अभिमान इथे घराघरात आहे आणि अत्र्यांच्या १९५३च्या चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले, हे इथे शेंबडे पोरही सांगते. मलाही तो अभिमान आहे. पण श्यामला काय शिकवले, हे आपण सांगतो. त्या बाईच्या अंगावरचे दागिने, राहते घर आणि औषधपाणी कोणाच्या कर्जापायी गेले, हे विचारतो का? सावकाराचा माणूस दारात येतो तेव्हा दारात उभी कोण असते? आईची पूजा केली की बाईचा हिशेब मागावा लागत नाही.

२०२४च्या फेब्रुवारीत अमळनेरात ९७वे साहित्य संमेलन भरले, विद्रोही संमेलनही भरले. गाव माणसांनी फुलले होते. त्याच वर्षी मे महिन्यात पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला कानचा ग्रां प्री मिळाला. त्यात छाया कदम यांनी रुग्णालयात स्वयंपाक करणारी कोकणातली पार्वती उभी केली आहे. वर्षानुवर्षे मुंबईत राहिली, नवरा गेला, बिल्डर दारात आला आणि हातात कागद नाही. सातबाऱ्यावर नाव लावायला तलाठ्याकडे खेटे घालणाऱ्या बाया आमच्या केंद्रावर दर आठवड्याला येतात. जागतिक सिनेमा आमच्या रांगेत उभा आहे आणि आम्ही पोटेम्किनचे साल पाठ करतो आहोत.

आता थोडे आपल्याकडेही बोट वळवू. चळवळीने सिनेमाशी दोनच नाती ठेवली. अश्लील पोस्टरला काळे फासायचे, नाहीतर शिबिरात प्रबोधनपट लावून 'यातून काय शिकलो?' विचारायचे. दोन्ही गरजेचे होते. पण बाईला नुसते पाहण्याचा, रमण्याचा, वाद घालण्याचा हक्क आहे, हे आपण मागितले नाही. त्या मुलीला मी विचारले होते, हा विषय का घेतलास? ती म्हणाली, "मला बघायला आवडतं." हे सांगताना तिचा आवाज खाली गेला, जणू काही चोरी केली. आमच्याच एक कार्यकर्तीने मला ऐकवले, "इथं रेशनकार्ड निघत नाही आणि तू सिनेमे लावतेस?" मी म्हणते, रेशनकार्डाच्या रांगेतल्या बाईनेच चादरींचा प्रश्न विचारला.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: "तिला आधी पास होऊ दे. परीक्षकाला हे चालेल का?" म्हणून आम्ही पाठांतर टाकले नाही. नावे, साले, 'वाद' ठेवले. फक्त प्रत्येक सिनेमाला चार प्रश्न लावायचे ठरवले. पैसा आणि कष्ट कोणाचे लागले? गोष्ट कोणाच्या तोंडून येते? कोणाचे काम पडद्यावर दिसते आणि कोणाचे गाळले जाते? आणि बाईकडे कॅमेरा कोणाच्या डोळ्यांनी बघतो? शेवटचा प्रश्न लॉरा मल्व्ही या ब्रिटिश अभ्यासिकेने १९७५ साली एका लेखात मांडला. त्यातून आलेला 'पुरुषी नजर' हा शब्द नोट्समध्ये आहे, व्याख्येसह, दोन गुणांसाठी. ती नजर वापरून एकही सिनेमा तपासलेला मात्र नाही.

मुलीने परीक्षा दिली. प्रश्न आला. तिने 'बायसिकल थीव्ह्‌ज'वर दीड पान लिहिले आणि त्यात मारियाच्या चादरी लिहिल्या. किती गुण मिळतील माहीत नाही. कमी मिळाले तर पुनर्तपासणीचा अर्ज आम्ही भरणार आहोत.

तुम्हाला मागणे एवढेच. ज्या ज्या ठिकाणी हा विषय शिकवतात, तिथे जाऊन विचारा: यादीत बायका किती? सिनेमे दाखवता की नुसते लिहून घेता? मुलींना दिवसाउजेडी, एस.टी.च्या वेळेत, पाहता येतील अशी सोय आहे का? नसेल तर मागा. तोवर आपल्या गटात महिन्याला एक सिनेमा लावा. भाषेची भीती नको, वाचून सांगायला एखादी मुलगी मिळतेच आणि तिचा अभ्यासही होतो. पाहून झाल्यावर बाया काय बोलल्या, ते वहीत उतरवा आणि आम्हाला कळवा. पुढच्या वर्षी या विषयाला बसणाऱ्या मुलीच्या हातात झेरॉक्सऐवजी ती वही द्यायची आहे.

आमच्याकडे पुढच्या बैठकीला 'उंबरठा' आहे. चर्चेचा प्रश्न मावशींनीच ठरवला आहे: आश्रमातल्या मुलींचे पुढे काय झाले?